समजून घ्या : ‘नेकेड’ बाइकचं एवढं वेड का? पिकअपमागचं तंत्र आणि परवान्यातली पोकळी

नागपूरच्या शिवमडक्याहून सुरू होणारा समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे. जून २०२५ मध्ये त्याचा शेवटचा टप्पाही खुला झाला. मोटारींना तिथे ताशी १२० किलोमीटरपर्यंत मुभा आहे, दुचाकींना मात्र प्रवेशच नाही. म्हणजे ज्या नागपूरकर तरुणाने तीन लाखांच्या आसपास पैसे मोजून ताशी दीडशेच्या पुढे जाणारी बाइक घेतली, त्याच्यासाठी गावातून निघणारा सर्वात वेगवान रस्ता बंद. त्याच्या वाट्याला वर्धा रोड, रिंग रोड, फुटाळ्याची संध्याकाळ आणि दर चारशे मीटरवर एक सिग्नल.

तरीही कोणत्याही संध्याकाळी लॉ कॉलेज चौकात पाच मिनिटं थांबा. नारिंगी चाकांची, टाकीला खांदे फुटल्यासारखी दिसणारी, इंजिन उघडं टाकलेली एखादी तरी गाडी सिग्नलला पुढे येऊन उभी राहतेच. दिवा हिरवा झाला की बाकीचे क्लच सोडेपर्यंत ती पुढच्या चौकात पोहोचलेली असते. तिथे पुन्हा लाल दिवा. मागून येणारी अॅक्टिव्हा आरामात तिच्या शेजारी येऊन थांबते.

मग एवढी ताकद कशासाठी? बहुतेक घरांत हा प्रश्न मुलाला विचारला जातो आणि बहुतेक मुलांना त्याचं नीट उत्तर देता येत नाही. उत्तर आहे, पण ते टॉप स्पीडमध्ये नाही. ते ज्याला आपण साध्या भाषेत ‘पिकअप’ म्हणतो, त्यात आहे. आणि या गाड्यांचा धोकाही तिथेच आहे.

नेकेड म्हणजे नक्की काय?

नाव ऐकून घरातली मोठी माणसं दचकतात, पण अर्थ साधा आहे. रेसिंगच्या बाइकला पुढून आणि बाजूंनी जे प्लास्टिकचं आवरण असतं, त्याला फेअरिंग म्हणतात. ते नसलेली बाइक म्हणजे नेकेड. त्या हिशेबाने राजदूत, येझदी, आरएक्स १०० आणि स्प्लेंडर याही नेकेडच. आपल्याकडे कित्येक वर्षं सगळ्याच मोटारसायकली उघड्या होत्या, म्हणून त्यांना वेगळं नाव द्यायची गरज कुणाला पडली नाही.

आज ज्या अर्थाने हा शब्द वापरतात, तो प्रकार युरोपातून आला. तिथे १९८० च्या दशकात रेसिंगसारख्या दिसणाऱ्या, पूर्ण झाकलेल्या बाइकची लाट होती. त्या पडल्या की फेअरिंगचा चुरा व्हायचा आणि नवं घ्यायचं तर खर्च मोठा. मग पोरांनी तुटलेलं प्लास्टिक काढून टाकलं, खाली वाकवणारं हँडल बदलून सरळ रुंद हँडल लावलं आणि तशीच गाडी रस्त्यावर आणली. या जुगाडाला ‘स्ट्रीटफायटर’ नाव पडलं. नागपूरच्या गॅरेजांत वाढलेल्या माणसाला यात परकं काहीच वाटू नये.

कंपन्यांनी हे हेरलं. डुकाटीची ‘मॉन्स्टर’ १९९३ ची. डिझायनर मिगेल गालुझ्झी यांनी ती बरीचशी कंपनीकडे आधीच असलेल्या भागांतून जुळवली होती. पाठोपाठ १९९४ मध्ये ब्रिटनच्या ट्रायम्फने ‘स्पीड ट्रिपल’ आणली. त्याच वर्षी ऑस्ट्रियातल्या मॅटिगहोफेन या छोट्या गावातून केटीएमची पहिली ‘ड्यूक’ बाहेर पडली. तोवर केटीएम ओळखली जायची ती चिखलमातीत पळणाऱ्या बाइकसाठी.

थोडक्यात, रेसिंग बाइकचं इंजिन, फ्रेम आणि ब्रेक ठेवायचे, आवरण काढायचं आणि चालवणाऱ्याला बऱ्यापैकी ताठ बसवायचं. आज या घराण्याच्या वरच्या टोकाला दोनशे अश्वशक्तीच्या आसपासच्या गाड्या आहेत. कावासाकीची १२५ अश्वशक्तीची ‘झेड ९००’ त्याच्या अलीकडची. पण नागपूरच्या रस्त्यावर आपल्याला रोज दिसते ती २०० ते ४०० सीसीची पिढी. तिचा पत्ता ऑस्ट्रियाचा कमी आणि पुणे जिल्ह्याचा जास्त आहे.

चाकणची गोष्ट

बजाज ऑटोने २००७ मध्ये केटीएममध्ये १४.५ टक्के हिस्सा घेतला. पुढे तो वाढत गेला. ठरलं असं की छोट्या ड्यूकची रचना दोघांनी मिळून करायची आणि उत्पादन चाकणला. तिथून २०११ मध्ये १२५ ड्यूक युरोपात गेली. भारतात जानेवारी २०१२ मध्ये २०० ड्यूक आली, दिल्लीतली एक्स-शोरूम किंमत १.१७ लाख रुपये. जून २०१३ मध्ये ३९० ड्यूक आली, १.८० लाखांत.

त्या किमतीचा अर्थ आज लक्षात येणार नाही. ३७३ सीसीचं, पाण्याने थंड होणारं, ४३ अश्वशक्तीचं इंजिन, पुढे उलटे काटे, ट्रेलिस फ्रेम आणि एबीएस. तोपर्यंत हे सगळं एका गाडीत हवं असेल तर त्यापेक्षा बरेच जास्त पैसे मोजावे लागत. माझी पिढी कॉलेजात पोहोचली तेव्हा इंजिनिअरिंगच्या पार्किंगमध्ये एखादी ३९० उभी असली की लेक्चरला जाणाऱ्यांचा घोळका आधी तिच्याभोवती थांबायचा. आम्ही पुस्तकात वाचलेले अर्धे शब्द तिथे लोखंडात दिसायचे.

किंमत खाली ठेवण्याची युक्ती रचनेतच होती. १२५, २००, २५० आणि ३९० या भावंडांचे बरेच भाग सारखे ठेवले. ब्रेक ‘बायब्रे’चे, म्हणजे इटलीच्या ब्रेम्बोनेच छोट्या बाइकसाठी काढलेल्या ब्रँडचे. आणि गाडी एकट्या भारतासाठी नव्हती, जगभर जाणार होती, त्यामुळे आकडा मोठा. जानेवारी २०२३ मध्ये चाकणमधून दहा लाखावी केटीएम बाहेर पडली.

पुढची गोष्ट तर उलटीच झाली. नोव्हेंबर २०२४ मध्ये केटीएमने ऑस्ट्रियात दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू केली. मे २०२५ मध्ये बजाजने ८० कोटी युरोंचं आर्थिक पॅकेज जाहीर केलं आणि वर्ष संपायच्या आत कंपनीचं नियंत्रण बजाजकडे आलं. ज्या कंपनीत १८ वर्षांपूर्वी छोटा भागीदार म्हणून शिरकाव केला, तिचे मालकच पुणेकर झाले. दरम्यान ट्रायम्फची ‘स्पीड ४००’ही बजाजच्याच भागीदारीत चाकणला बनू लागली (जुलै २०२३), आणि मे २०२४ मध्ये बजाजने ३७३ सीसीच्याच इंजिनावर ‘पल्सर एनएस४००झेड’ १.८५ लाखांत आणली. आज नागपुरात चारशे सीसीची नेकेड दिसली तर ती चाकणची असण्याची शक्यता बरीच आहे.

पिकअप म्हणजे काय? थोडं गणित

गाडी किती जोरात खेचेल हे नुसत्या अश्वशक्तीवर ठरत नाही. ती ताकद किती वजन ओढते आहे, हे पाहावं लागतं.

स्प्लेंडर घ्या. सुमारे ८ अश्वशक्ती, वजन ११२ किलो. वर ७० किलोचा माणूस बसवला की एका टनाला ४४ अश्वशक्ती पडते. ८२ अश्वशक्तीची स्विफ्ट घ्या. तिचं वजन सुमारे ९२० किलो, चालक धरून टनाला ८३. आता २०२३ ची नवी ३९० ड्यूक, ३९९ सीसी, ४६ अश्वशक्ती, वजन १६८ किलो. त्याच माणसासह टनाला १९३. स्प्लेंडरच्या चौपटीहून जास्त आणि स्विफ्टच्या दुपटीहून जास्त. ११ अश्वशक्तीची आणि शंभर किलोच्या आसपास वजनाची आरएक्स १०० याच पद्धतीने ६५ च्या घरात येते. आपल्या काकांच्या पिढीला ती तुफान का वाटायची, तेही यातून कळतं.

पण गणित इथे संपत नाही. इंजिनाचा जोर, म्हणजे टॉर्क, कोणत्या फेऱ्यांवर मिळतो हे जास्त महत्त्वाचं. जुन्या ३९० च्या सिलिंडरचा व्यास ८९ मिलिमीटर होता आणि पिस्टनची धाव फक्त ६०. रुंद आणि आखूड सिलिंडर जास्त फेऱ्या सहन करतो, कारण पिस्टनला दर फेरीत कमी अंतर कापावं लागतं. त्याची किंमत म्हणजे खालच्या फेऱ्यांवर इंजिन कुरकुरतं. पहिल्या पिढीची ३९० दुसऱ्या गिअरमध्ये रिक्षामागे चालवणं हा संयमाची परीक्षा पाहणारा प्रकार होता. ती धक्के द्यायची, जणू ‘जा तरी, नाहीतर बंद कर’ म्हणायची.

२०२३ च्या इंजिनात व्यास तोच ठेवून धाव ६४ मिलिमीटर केली. टॉर्क ३५ वरून ३९ न्यूटन-मीटर झाला आणि तो ६,५०० फेऱ्यांवर मिळू लागला. ८,५०० फेऱ्यांवर ४६ अश्वशक्ती मिळते, याचा हिशेब उलटा मांडला तर तिथेही टॉर्क ३८ च्या आसपास उरतो. म्हणजे मधल्या दोन हजार फेऱ्यांत जोर जवळजवळ सपाट राहतो. मूठ पिळली की कुठेही सारखीच ओढ. ताशी ३० वरून ७० पर्यंत जाताना पाठीमागून कुणीतरी ढकलल्यासारखं जे वाटतं, ते हेच.

आणि ३० ते ७० हाच तर शहरातला वेग. दीडशेने पळणारी गाडी नागपुरात दीडशेने पळवता येत नाही, पण हा तीन-चार सेकंदांचा धक्का रोज पन्नास वेळा घेता येतो. मुलगा पैसे त्याचे मोजतो.

वारा छातीवर का घ्यायचा?

आवरण काढल्याने गाडी हलकी होते, इंजिन दिसतं, दुरुस्ती सोपी होते. पण एक किंमत मोजावी लागते. ती भौतिकशास्त्राची.

वेग दुप्पट केला की वाऱ्याचा विरोध चौपट होतो आणि तो कापायला लागणारी ताकद आठपट. ताठ बसलेला माणूस धरून नेकेडचा ढोबळ हिशेब केला, तर ताशी ६० ला वारा साधारण ९ किलो वजनाइतका मागे ढकलतो. १२० ला तोच जोर ३५ किलोच्या घरात जातो. हा सगळा भार छाती, खांदे आणि हेल्मेट घेतलेली मान यांच्यावर. म्हणून पेंचला किंवा अमरावतीमार्गे चिखलदऱ्याला जाऊन आलेला नेकेडवाला दुसऱ्या दिवशी मान चोळताना दिसतो, आणि फेअरिंगवाला मनगट चोळताना.

मला मात्र हा तोटा पूर्ण तोटा वाटत नाही. फेअरिंगच्या आत वाकून बसलेल्याला शंभरचा वेग साठसारखा वाटतो. नेकेडवर ऐंशीला वारा सांगायला लागतो की वेग जास्त झाला. ती एका अर्थाने फुकटची धोक्याची घंटा आहे. ऐकायची की नाही, हा भाग वेगळा.

रुंद सरळ हँडलचाही फायदा असाच. पाना लांब असला की नट सहज फिरतो, तसं हँडल रुंद असलं की गाडी कमी जोरात वळते. जोडीला पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर कमी. त्यामुळे सीताबर्डीच्या गर्दीत ती स्कूटरसारखी वळते, आणि त्याच कारणाने खडबडीत रस्त्यावर पुढचं चाक थोडं अस्वस्थ राहतं. जोरात मूठ पिळली तर पुढचं चाक उचलायची घाईही तिला असते. आखूड गाडी, ताठ बसलेला माणूस, वर गेलेलं वजन आणि सपाट टॉर्क. वेगळं काही करावं लागत नाही.

इलेक्ट्रॉनिक्स काय करतं?

२०१७ च्या दुसऱ्या पिढीपासून मूठ आणि इंजिन यांच्यात तार राहिली नाही. मूठ किती फिरली हे सेन्सर मोजतो, त्याप्रमाणे हवा किती सोडायची ते संगणक ठरवतो. हे एकदा झालं की पुढचं सगळं सॉफ्टवेअर. मागचं चाक पुढच्यापेक्षा जास्त वेगाने फिरू लागलं तर ते घसरतंय, मग ताकद कमी करा. हा झाला ट्रॅक्शन कंट्रोल. क्लच न दाबता गिअर टाकायचा तर क्षणभर इंजिनाचा जोर तोडा. हा क्विकशिफ्टर.

यात मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो वळणावरचा एबीएस. साधा एबीएस गाडी सरळ उभी आहे असं धरून चालतो. वळणावर गाडी कललेली असते तेव्हा टायरची बरीचशी पकड वळण्यातच खर्च होत असते आणि ब्रेकसाठी थोडी उरते. गाडी किती अंशांनी कलली आहे हे मोजणारा सेन्सर असेल, तर संगणक तेवढाच ब्रेक लागू देतो. काही वर्षांपूर्वी हे तंत्र दहा-पंधरा लाखांच्या गाड्यांत असायचं. नव्या ३९० मध्ये ते आहे.

मात्र एक गोष्ट कोणताही संगणक करू शकत नाही. थांबायला लागणारं अंतर वेगाच्या वर्गाने वाढतं, हे त्याला बदलता येत नाही. कोरडा रस्ता, चांगले टायर, पक्का हात, आणि समोरचं दिसल्यापासून बोट लिव्हरवर दाबेपर्यंत एक सेकंद धरा. ताशी ६० ला गाडी साधारण ३७ मीटरमध्ये थांबते. १०० ला लागतात ८३ मीटर. आणि ६० वरून १०० वर जायला या गाडीला सिग्नल सुटल्यावरचे मोजके क्षण पुरतात.

नागपूरचं ऊन

ब्रोशरमध्ये नसलेला एक विषय. पेट्रोलमधली जेमतेम एक तृतीयांश ऊर्जा चाकापर्यंत जाते, बाकीची उष्णता होते. ती बाहेर टाकायचं काम रेडिएटरचं, आणि त्याची क्षमता पाणी व बाहेरची हवा यांच्या तापमानातल्या फरकावर चालते. आतलं पाणी १०० अंशांवर आणि बाहेर ऑस्ट्रियासारखे २० अंश असले तर फरक ८० चा. मे महिन्यात व्हरायटी चौकात ४५ अंश असले तर फरक ५५. तोच रेडिएटर जवळपास एक तृतीयांशाने दुबळा. त्यात गाडी सिग्नलला उभी, म्हणजे वारा नाही. मग पंखा सुरू होतो आणि तो गरम हवा सरळ मांड्यांवर आणि पोटऱ्यांवर फेकतो. फेअरिंग असती तर ती थोडी तरी वळवता आली असती.

गाडी बिघडत नाही, पण माणूस बिघडतो. उन्हाळ्यात दुपारी शहरात ही गाडी चालवायची तर जाड जीन्स आणि घोटा झाकणारे बूट लागतात. नेमकं त्याच दिवसांत पोरं बर्म्युडा आणि चपलेवर दिसतात. कूलंटची पातळी दर आठवड्याला पाहा, साधं पाणी ओतू नका. शहरातल्या सिमेंटच्या रस्त्यांवर भर उन्हात टायरमधला दाबही वाढतो, म्हणून हवा सकाळी, टायर थंड असताना तपासावी.

खिशाचं काय?

२२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीची नवी रचना लागू झाली आणि ३५० सीसी ही मोठी भिंत झाली. तिच्याखालच्या बाइकवरचा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला. वरच्या गाड्यांवर आधी २८ टक्के आणि ३ टक्के उपकर होता, तो ४० टक्के झाला. हिशेब करू. करापूर्वी दोन लाखांची असलेली ३५० च्या आतली गाडी २.५६ लाखांवरून २.३६ लाखांवर येते. तेवढ्याच मूळ किमतीची ३९९ सीसीची गाडी २.६२ वरून २.८० लाखांवर जाते. दोघींमधला फरक सहा हजारांवरून ४४ हजारांवर गेला. काही कंपन्यांनी हा बोजा सुरुवातीला स्वतः उचलला, पण असं कायम चालत नाही.

विम्यातही हीच भिंत आहे. २०२२ च्या दरांप्रमाणे नव्या बाइकचा पाच वर्षांचा थर्ड पार्टी हप्ता १५० ते ३५० सीसीला ७,३६५ रुपये आणि ३५० च्या वर १५,११७ रुपये, जीएसटी वेगळा. मागचा १५० मिलिमीटर रुंद रेडियल टायर, चेन किट, ब्रेक पॅड हे खर्च स्प्लेंडरच्या सवयीने धरू नका. अॅव्हरेजचं विचारूच नका. म्हणजे विचारा, पण ते मुठीवर अवलंबून आहे.

त्यामुळे अनेक जण जुनी ड्यूक बघतात. अशी गाडी घेताना मीटरवर जाऊ नका. हँडलची टोकं, फुटरेस्ट आणि सायलेन्सरच्या कडेला घासल्याच्या खुणा पाहा. काट्यांवर तेल ओघळलंय का, हात सोडल्यावर गाडी एका बाजूला ओढते का, ते पाहा. ई-चलन नंबर टाकून तपासा. एखाद्या जुन्या ड्यूकवर गाडीच्या दुरुस्तीपेक्षा दंडाची बाकी जास्त निघायची. सायलेन्सर बदललेला असेल तर मूळचा मागून घ्या, नाहीतर किंमत पाडा. मोठ्या आवाजाच्या सायलेन्सरसाठी मोटार वाहन कायद्यात पहिल्याच वेळी दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, आणि तीन महिने परवाना बाद अशी तरतूद आहे.

साडी गार्डही आहे का बघा. आपल्या नियमांनुसार मागच्या चाकाला संरक्षक जाळी आणि मागे बसणाऱ्याला धरायला काहीतरी हवंच, म्हणून ऑस्ट्रियन रक्ताच्या या गाडीलाही कंपनी साडी गार्ड लावूनच देते. शोरूममधून निघाल्यावर बहुधा तेच आधी उतरतं. आईला डबलसीट न्यायचा विचार किती गंभीर होता, ते तिथेच कळतं.

परवान्यातली पोकळी

आता मूळ मुद्दा. या छोट्या ड्यूक युरोपात कुणासाठी बनल्या होत्या?

युरोपीय संघात १९ जानेवारी २०१३ पासून दुचाकी परवान्याच्या पायऱ्या आहेत. सोळाव्या वर्षापासून मिळू शकणारा ‘ए १’ परवाना १२५ सीसी आणि ११ किलोवॅटपर्यंत, म्हणजे १५ अश्वशक्ती. १२५ ड्यूक बरोबर १५ अश्वशक्तीची आहे. अठराव्या वर्षापासून ‘ए २’, मर्यादा ३५ किलोवॅट, म्हणजे साधारण साडेसत्तेचाळीस अश्वशक्ती. ३९० ड्यूक आधी ४३ ची होती, आता ४६ ची, म्हणजे मर्यादेच्या आतच. त्यापुढच्या मोठ्या गाड्यांसाठी ‘ए २’वर दोन वर्षं काढा, मग पुढचा परवाना, थेट हवा असेल तर साधारण चोविसाव्या वर्षी. ३९० ही तिकडे अधली पायरी आहे. १२५ वर हात बसलेल्याने चढायची.

आपल्याकडे ती गाडी आली, पायरी आली नाही. अठरा वर्षं पूर्ण झाली की गिअरच्या मोटारसायकलचा एकच परवाना. चाचणी शंभर सीसीच्या गाडीवर दिली तरी चालते. आठ अश्वशक्तीवर काढलेल्या आठच्या आकड्यावर दोनशे अश्वशक्तीची बाइकही कायदेशीर. मधे कोणतंही प्रशिक्षण बंधनकारक नाही. भारतातल्या कित्येक मुलांची आयुष्यातली पहिली गिअरची गाडी हीच असते, आणि शिकायला मिळतो तो मित्राचा सल्ला.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यांतले ४४.५ टक्के दुचाकीवरचे. हेल्मेट नसल्याने गेलेले ५०,०२९, आणि त्यांत १४ हजारांहून जास्त मागे बसलेले. या आकड्यांत नेकेड किती आणि स्प्लेंडर किती, याची विभागणी नाही, त्यामुळे सगळं खापर या गाड्यांवर फोडणं बेइमानी ठरेल. पण मंत्रालयाचे मंत्री नागपूरचेच खासदार आहेत, म्हणून इथून हा प्रश्न विचारायला हरकत नाही. १२५ सीसीवरच्या गाड्यांना एबीएस सक्तीचा केला (नव्या मॉडेलना एप्रिल २०१८ पासून, सगळ्यांना एप्रिल २०१९ पासून), करासाठी आणि विम्यासाठी ३५० सीसीची भिंतही घातली. मग परवान्यासाठीच अशी एखादी पायरी का नाही? सरकारला ताकदीतला फरक कळतो. तो पैसे घेताना मोजला जातो, चाचणी घेताना नाही.

अल्पवयीन मुलांच्या पालकांसाठी तर कायदा स्पष्ट आहे. अठराच्या आतल्या मुलाच्या हातून गुन्हा घडला तर पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द, आणि मुलाला पंचविशीपर्यंत परवाना नाही. अकरावीच्या क्लासबाहेर उभ्या असलेल्या काही गाड्या पाहिल्या की हे किती घरांत माहीत आहे, अशी शंका येते.

घरी घ्यायचं ठरलंच असेल तर?

थेट चारशेवर उडी न मारता १२५ ते २०० च्या घरातली गाडी वर्ष-दोन वर्षं चालवणं हा युरोपचाच शहाणपणा आहे, त्यासाठी कायद्याची वाट पाहायची गरज नाही. चारशेच हवी असेल तर पहिला महिना मूठ मवाळ ठेवणारा मोड असल्यास तो वापरा. पावसाळ्यासाठी असलेला मोड उन्हातही चालतो. ट्रॅक्शन कंट्रोल आणि एबीएस बंद करायचं बटण आहे म्हणून ते दाबायलाच हवं असं नाही. आयएसआय खूण असलेलं, पूर्ण तोंड झाकणारं हेल्मेट दोघांसाठी घ्या, आणि हातमोजे. पडताना माणूस सगळ्यात आधी तळहात टेकवतो.

आणि एका रविवारी सकाळी, रस्त्यावर गर्दी व्हायच्या आधी, एखाद्या मोकळ्या कोरड्या मैदानात किंवा रिकाम्या पार्किंगमध्ये गाडी न्या. ताशी ३० वरून सुरुवात करा, मग ४०, मग ५०. दर वेळी सरळ रेषेत दोन्ही ब्रेक पूर्ण ताकदीने लावा. पुढच्या लिव्हरमधून आणि पायाखालून एक धडधड जाणवेल. ती एबीएसची आहे, बिघाड नाही. अनेक जण घाबरून त्या क्षणी ब्रेक सोडतात. तो सोडायचा नाही, तसाच दाबून धरायचा, गाडी थांबेपर्यंत. ही धडधड पहिल्यांदा मैदानात जाणवलेली बरी, अचानक वळलेल्या ऑटोसमोर नव्हे.